गटाच्या नांवें आलेलें पत्र

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल गाडी पहिल्यानें थांबते ती विठ्ठलवाडीस. एका बाजूनें कल्याण पूर्वेचा शेजार, दुसऱ्या बाजूनें उल्हासनगरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ह्या परिसरांत लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणीचे क्रमांक मात्र लोकांच्या तोंडून अद्याप गेलेले नाहींत. कॅम्प, बराक आणि खोली एवढे तीन आंकडे कळले कीं पत्र नेमकें दारीं पोंचावें, अशी ती मांडणी होती.

विजेच्या टपालांतही मांडणी अशीच लागते. पण तेथें एक निराळी अडचण उभी राहते. समजा, विठ्ठलवाडीच्या आसपासच्या एखाद्या कारखान्यांत सत्तर माणसें काम करीत आहेत. गिऱ्हाइकें तेथें अमुक एका व्यक्तीस ई-मेल लिहीत नाहींत. हिशेबखात्यास लिहितात, कोठारास लिहितात. पत्त्यावर नांव असतें गटाचें, आणि पत्र पोंचावयाचें असतें त्या गटांतील प्रत्येकास. गटांत आज कोण कोण आहे, हें टपाल सांभाळणाऱ्या यंत्रास, म्हणजे मेल सर्व्हरला, कोणी सांगावयाचें?

जुनी रीत सोपी होती. मेल सर्व्हरवरच एक फाईल ठेवीत. डावीकडे गटाचें नांव, उजवीकडे माणसांचे पत्ते. पांच-सात माणसांच्या कचेरीस ती अजूनही पुरते, आणि तेथें ती मोडून नवें कांहीं उभारण्याची मुळींच गरज नाहीं. पण माणसें वाढलीं कीं तींच नांवें दोन ठिकाणीं लिहावीं लागतात: एकदां संगणकावरील प्रवेशासाठीं ठेवलेल्या मुख्य नामावलींत, आणि पुन्हां ह्या फायलींत. कोठारांतील एक कारकून नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जातो. मुख्य नामावलींतून त्याचें नांव त्याच दिवशीं निघतें. परंतु पूर्वीं कधीं तरी आजारपणांत त्यानें आपला घरचा खासगी पत्ता फायलींत घालवून घेतलेला असतो, आणि त्याची आठवण कोणासही राहिलेली नसते. पुढें कित्येक महिने खरेदीचे भाव आणि मालाचा सांठा त्याच्या घरीं आपोआप कळत राहतो. चोरी कोणीच केलेली नसते. यादी शिळी झालेली असते, एवढेंच.

तेव्हां नांवें एकाच जागीं असावीं, आणि मेल सर्व्हरनें दर पत्राच्या वेळीं तेथें जाऊन विचारावें, हा सरळ मार्ग होय. ह्या जागेस डिरेक्टरी म्हणतात. अशा डिरेक्टरीचे आंतरराष्ट्रीय नियम १९८८ मध्यें ठरले; ते फार अवजड होते. मिशिगन विद्यापीठांतील टिम होव्ज व त्यांचे सहकारी यांनीं त्यांची एक हलकी पद्धत तयार केली आणि १९९३ मध्यें ती प्रसिद्ध झाली. तिलाच एलडॅप म्हणतात.

डिरेक्टरीची मांडणी झाडासारखी असते. मुळाशीं संस्था, फांदीवर खातें, टोंकाशीं माणूस. कॅम्प, बराक, खोली ह्यांसारखीच. गट हीही एक नोंदच असते. परंतु तिच्यांत बहुधा सदस्यांचे पत्ते नसतात, तर सदस्यांच्या नोंदींकडे नेणारे मार्ग असतात. भेद बारीक आहे, पण सारें इंगित त्यांतच आहे. एखाद्याचा पत्ता बदलला तर तो त्याच्या एकट्याच्या नोंदींत बदलावा लागतो. तो दहा गटांत असला तरी त्या दहांस हात लावावा लागत नाहीं.

व्हीत्से व्हेनेमा यांनीं आयबीएमच्या संशोधनशाळेंत लिहिलेला आणि १९९८ मध्यें बाहेर आलेला पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पुष्कळ ठिकाणीं वापरतात. त्याला थोड्याच गोष्टी सांगाव्या लागतात: डिरेक्टरी कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या फांदीपासून शोधावयाचें, गटाचा पत्ता कोणत्या रकान्याशीं ताडून पाहावयाचा, सदस्यांचे मार्ग कोठें आहेत, आणि मार्गाच्या अखेरीस ई-मेलचा पत्ता कोठें सांपडेल. डिरेक्टरींत शिरण्यासाठीं त्याला केवळ वाचण्यापुरतें खातें द्यावें, आणि दोन यंत्रांमधील संभाषण सांकेतिक असावें. खरें पत्र येऊं देण्यापूर्वीं पोस्टमॅप नांवाच्या आज्ञेनें गटाचें नांव विचारून पाहतां येतें; उत्तरांत सर्व सदस्यांचे पत्ते दिसावयास हवेत. ही चांचणी न करतां काम संपलें म्हणणारे लोक थोडे नाहींत.

एका जागीं मात्र चांगले जाणतेही फसतात. माणूस गेला कीं त्याची नोंद पुसून न टाकतां तिच्यावर फक्त ‘बंद’ अशी खूण करण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. पण गटाच्या नोंदींतून सदस्याकडे जातांना पोस्टफिक्स ती खूण पाहत नाहीं. मार्ग आहे, पत्ता आहे, मग पत्र जातेंच. म्हणून खूण करणाऱ्यानें त्याच बैठकींत ते नांव गटांतूनही काढलें पाहिजे. नाहीं तर कोठाराच्या कारकुनाची गोष्ट नव्या यंत्रावर पुन्हां घडते.

डिरेक्टरीच बंद पडली तर काय, हा प्रश्न कोणीही विचारील. तिचें उत्तर मिळत नसेल तर पोस्टफिक्स पत्र झिडकारीत नाहीं. पाठविणाऱ्या यंत्रास ‘थोड्या वेळानें या’ असें सांगतो. ‘असा गट नाहीं’ असें स्पष्ट उत्तर आलें तरच पत्र परत फिरतें. पाठविणाऱ्याकडेही पोस्टफिक्स असेल, तर तो नेहमींच्या रीतीनें पांच दिवस पुन्हां पुन्हां दार ठोठावतो. शनिवारीं सायंकाळीं बंद पडलेली डिरेक्टरी सोमवारीं सकाळीं चालू झाली, तरी रविवारीं कोठारास लिहिलेलें पत्र तोंपर्यंत तिकडच्या रांगेंत उभें असतें. आणि तें आंत येतें तेव्हां सोमवारच्या यादीप्रमाणें वाटलें जातें.