जखम आणि घरचे तेल

भिक्षूंची जखम भरेना तेव्हा भगवान बुद्धांनी तेल लावण्यास व पट्टी बांधण्यास अनुमती दिली, असे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पण केवळ परंपरा म्हणून काही मानू नका, हे कालामांना त्यांनीच सांगितले.

आपल्याकडे टाचांच्या भेगांना कोकमाचे मुठेल लावतात. वरवरच्या भेगांना ते ठीक. परंतु घरचे तेल निर्जंतुक नसते. उघड्या जखमेवर नको. बिब्ब्याचे तेलही झाडाचेच, तरी कातडीवर फोड आणते. भाजल्यास तेल नको, २० मिनिटे गार वाहते पाणी घ्या. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल दवाखान्यात विचारा. मधुमेहींनी पायाची भेगही डॉक्टरांना दाखवावी. तपासून स्वीकारणे हाच धम्म.