आमची मुले आणि नागरिकशास्त्र

(संस्थेच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी विचारवंत नाही, वक्ता तर नाहीच. बँकेत कारकुनी करणारा माणूस. कला शाखेची पदवी घेताना राज्यशास्त्र हा विषय होता, एवढ्याच भांडवलावर कार्यकारिणीने मला येथे उभे केले आहे. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी न सांगता रोज डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतो.

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना मी सहज काही प्रश्न विचारले. संविधान कधी स्वीकारले? २६ नोव्हेंबर १९४९. अंमलात कधी आले? २६ जानेवारी १९५०. अस्पृश्यता कोणत्या कलमाने नष्ट झाली? सतराव्या. पटापट उत्तरे आली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आहेत, मला कौतुक वाटले. मग विचारले, तुमचा वॉर्ड कोणता? विधानसभा मतदारसंघ कोणता? आमदाराचे काम काय, नगरसेवकाचे काय? तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने तर नळाला पाणी येत नाही म्हणून खासदारांना निवेदन देऊ, असे सुचविले. कलमे पाठ आहेत, पण आपल्या गल्लीत शासन नावाची गोष्ट कोठे सुरू होते हे माहीत नाही.

याचा दोष मी सगळा मुलांवर टाकणार नाही. शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पाठीला बांधलेले छोटे पुस्तक. शिक्षक शेवटच्या आठवड्यात उरकून टाकतात. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८, लोकसभेत महाराष्ट्राचे ४८, एवढे आकडे पाठ केले की गुण मिळतात. ते २८८ जण वर्षभर करतात काय, हे कोणी विचारत नाही.

आता माझ्या काउंटरवरची गोष्ट सांगतो. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले नाहीत म्हणून विद्यार्थी येतात. अशीच एक मुलगी आली. आधी ती नगरसेवकाच्या कार्यालयात गेली होती, मग आमदारांच्या, मग एका एजंटाकडे. एजंटाने दोनशे रुपये घेतले आणि 'साहेबांशी बोलतो' म्हणून पाठविले. प्रत्यक्षात झाले होते असे की, तिने मोबाइलच्या दुकानात नवे खाते उघडले होते, आधार क्रमांक शेवटी त्या खात्याला जोडला गेला होता आणि सरकारी पैसा आधारला जोडलेल्या त्या खात्यात जाऊन पडला होता. पाच मिनिटांचे काम. पण बँकेला विचारायचे की महाविद्यालयाला की समाजकल्याण कार्यालयाला, हे ठाऊक नसल्यामुळे तिचे तीन महिने गेले. त्या काळात वडिलांनी व्याजाने पैसे काढून फी भरली. दोनशे रुपयांचे एक वेळ सोडा, पण व्याजाचा पैसा गरिबाच्या घरातून बाहेर पडायला वर्षे लागतात. नागरिकशास्त्र न येण्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या जातीच्या दाखल्यावर तुम्ही ही शिष्यवृत्ती घेता त्याची कथा तुम्हांला माहीत आहे काय? १९५६ साली धम्मदीक्षा झाली. महाराष्ट्र शासनाने बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. मध्ये चौतीस वर्षे. या काळात कितीतरी हुशार मुलांना केंद्राच्या नोकरीच्या दारातून परत फिरावे लागले. तो बदल संसदेने कायदा करून केला आणि त्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले, निवेदने दिली. आज दाखला हातात आहे, पण तो तहसीलात आपोआप उगवतो असे मुलांना वाटते.

महाडचेच पाहा. दरवर्षी २० मार्चला आपण बसगाड्या भरून जातो, फोटो काढतो. पण चवदार तळ्याचा संगर हा नागरिकशास्त्राचा केवढा मोठा धडा आहे! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला धरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले ते हा कागदावरचा हक्क बजावण्यासाठी. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह ठरला तर विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढा कोर्टात नेला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला मार्च १९३७ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. कायदेमंडळ, नगरपालिका, न्यायालय ही तिन्ही दारे या एका प्रकरणात आली. ठराव कोणी करायचा, अंमल कोणी करायचा, दाद कोठे मागायची, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपण महाडला जातो आणि नगरपालिकेचा उल्लेखही करीत नाही.

नगरपालिकेवरून आठवले. घटनेप्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि राज्यातल्या अनेक महापालिकांप्रमाणे तेथेही पुढे काही वर्षे प्रशासकाने कारभार केला. त्या काळात अठरा वर्षांचे झालेल्या कितीजणांनी विचारले की, आमचा नगरसेवक कोठे गेला? अभ्यासिकेतल्या मुलांना हे घडल्याचेच माहीत नव्हते. हे मात्र मला फार लागले.

मताविषयी थोडे. १९३५ च्या कायद्याखाली मत द्यायला मालमत्ता, कर किंवा शिक्षण लागत असे. आपल्या आजोबा-पणजोबांकडे यांतले बहुधा काहीच नव्हते. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला गेले तेव्हापासून मताधिकाराचा प्रश्न लढवीत होते. पुढे घटनेने सर्वांना एकवीसाव्या वर्षी मत दिले आणि १९८९ साली एकसष्टाव्या दुरुस्तीने वय अठरा झाले. आता नाव नोंदवायला वर्षातून चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाली की नमुना ६ भरायचा. तरीही मतदानाच्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून भांडणारी मुले दरवेळी भेटतात.

माहितीच्या अधिकाराचेही तसेच. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. दीडशे शब्द शुद्ध मराठीत लिहिता येणे एवढीच पात्रता. आमचे पदवीधर येथेही अडतात, पण तो वेगळा विषय आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलगा तहसीलात, बँकेत, महापालिकेत जायचे म्हणाला की आपण म्हणतो, 'तू अभ्यास कर, मी ओळखीने करून आणतो.' ओळखीने काम होते, मुलगा मात्र कोरा राहतो. त्याला रांगेत उभा राहू द्या. अर्ज त्याला लिहू द्या, पोच मागू द्या.

संस्थेला माझी सूचना अशी की, अभ्यासिकेत महिन्याचा एक रविवार या कामासाठी ठेवावा. भाषणे नकोत. मुलांना गटाने वॉर्ड कार्यालय दाखवावे, जमेल तेव्हा न्यायालयाचे खुले कामकाज दाखवावे, आणि ज्यांची गावे आहेत त्यांनी सुटीत गेल्यावर ग्रामसभेत बसून यावे. तेथे काय झाले ते परत येऊन दहा ओळींत लिहून द्यावे. पहिल्या चार रविवारांची जबाबदारी मी घेतो. बँकेची कामे, आधारजोडणी, शिष्यवृत्तीची अडचण असेल तर कागद घेऊन या. नमुना ६ च्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर तेथे बसतो आहे.