रक्तातील पैसेवारी

सप्टेंबर महिन्यात आपल्या वऱ्हाडातील खातेदारांचे डोळे ज्या नजरअंदाज पैसेवारीकडे, म्हणजे उभ्या पिकावर नजर टाकून बांधलेल्या उत्पन्नाच्या अंदाजाकडे, लागलेले असतात, तिच्याच जातीचा, पुढील धोक्याचा एक अंदाज हृद्‌रोहिणीत फुगा घालून जाळी बसविलेल्या रुग्णाच्या रक्तावरून बांधला जातो; त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग या वैद्याने फुग्याचा हा उपचार प्रथम केला. रोहिणी मोकळी झाली म्हणजे आजाराची मिसल दाखलदफ्तर झाली, असा समज नातलगांचा होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु रक्ताची साक्ष पुष्कळदा निराळी पडते. हृदयाच्या स्नायूला इजा पोहोचली की त्यातील ट्रोपोनिन हे प्रथिन काही तासांतच रक्तात उतरते. दाहाची वर्दी यकृतात तयार होणारे सीआरपी देते. आणि हृदयाच्या भिंतींवर ताण पडला की बीएनपी (ब्रेन नेट्रियुरेटिक पेप्टाइड) वाढते, जे १९८८ साली डुकराच्या मेंदूत प्रथम सापडल्यामुळे अद्याप मेंदूचे नाव मिरवीत असले, तरी मुख्यतः हृदयातच निर्माण होते. नावे ठेवण्याची घाई शास्त्रज्ञांनाही होतेच!

मात्र पैसेवारी गावाची निघते, एकट्या शेताची नव्हे. अशा शंभर रुग्णांपैकी साधारण कितीजणांना पुन्हा झटका येण्याचा संभव आहे, एवढेच हे आकडे सांगतात. त्या शंभरांत आपला नंबर कोठे, हे सांगत नाहीत. त्यातही पूर्णाकाठच्या खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यातून, दर्यापूर-अकोटकडून, येणाऱ्या रुग्णाबाबत मला विशेष सावध राहावेसे वाटते. त्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार जुनी आहे. आणि मूत्रपिंड दुबळे असले की ट्रोपोनिन व बीएनपी ही दोन्ही, हृदयावर नवा आघात झालेला नसतानाही, चढलेली राहू शकतात. सीआरपीचे तर काय, पायात काटा मोडून पू झाला तरी ते उसळी घेते. तेव्हा आजचा आकडा किती, याहून तो जाळी बसविण्यापूर्वी किती होता आणि मूत्रपिंडाची अवस्था दाखविणारे सोबतचे क्रिएटिनिन काय म्हणते, हे पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही.

आमच्याकडे येणारी मंडळी अँजिओग्राफीची सीडी रेशमी वस्त्रासारखी जपून आणतात, आणि रक्ताचे जुने कागद मात्र घरी धान्याच्या कोठीवर राहतात. पुढच्या तपासणीस येताना ते कागदही पिशवीत असू द्यावेत.