गुरुत्वाकर्षण : सर्वांत क्षीण आणि सर्वांत व्यापक

उत्तरायणाच्या दिवशी आमच्या सुभानपुऱ्यातील कोणत्याही गच्चीवर उभे राहिले असता एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. मांजा तुटलेला पतंग डुलत डुलत, सावकाश खाली उतरतो. पण हातातून निसटलेली फिरकी मात्र धाडकन अंगणात येऊन आदळते. यावरून जड वस्तू लवकर पडते आणि हलकी वस्तू उशिरा पडते, असा कोणाचाही समज व्हावा. ॲरिस्टॉटलसारख्या महापंडिताचाही हाच समज होता, आणि त्याच्या मागे पुढील अनेक शतके तो चालत राहिला. गॅलिलिओने सतराव्या शतकात दाखवून दिले की हा भेद वजनाचा नसून हवेच्या अडथळ्याचा आहे. १९७१ साली अपोलो-१५ मधून चंद्रावर उतरलेल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडले. चंद्रावर हवा नाही. दोन्ही वस्तू एकदमच खाली टेकल्या.

ही गोष्ट आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. परंतु तिच्या पोटात भौतिकशास्त्रातील एक फार मोठे कोडे दडलेले आहे. वस्तुमान हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गुणांसाठी वापरतो. भरलेली हातगाडी ढकलावयास रिकामीपेक्षा अधिक जोर लागतो, तो तिच्या जडत्वामुळे. तीच गाडी जमिनीवर अधिक भार टाकते, ती पृथ्वीच्या आकर्षणामुळे. ढकलण्याला होणारा विरोध आणि पृथ्वीकडे होणारी ओढ यांचा वरवर पाहता एकमेकांशी काहीएक संबंध नाही. असे असूनही प्रत्येक पदार्थात या दोन गोष्टी अगदी काटेकोरपणे एकाच प्रमाणात आढळतात, आणि म्हणूनच हातोडा व पीस बरोबरीने पडतात. न्यूटनने ही समानता लंबकांचे प्रयोग करून तपासली होती. २०१६ साली सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने तीच तपासणी प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूंवर केली. २०२२ साली तिचा अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एकावर पंधरा शून्ये मांडावीत एवढ्या भागांतील दोनचार भागांपर्यंत या समानतेत फरक सापडला नाही. इतका तंतोतंत मेळ केवळ योगायोगाने कसा बसेल?

पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, हा विचार आपल्या देशात नवा नव्हता. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथे आहे. याचा अभिमान अवश्य धरावा. पण त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते आणि झाडावरून फळ पाडणारे बलच चंद्राला कक्षेत फिरवीत ठेवते, हे गणिताने सिद्ध करण्याचे श्रेय न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाचे आहे. पूर्वजांचा गौरव करावयाचा तो खऱ्या मापाने करावा.

आता या बलाचे सामर्थ्य पाहू. निसर्गात चार मूलभूत बले मानली जातात : अणुकेंद्र एकत्र ठेवणारे तीव्र बल, काही प्रकारच्या किरणोत्सर्गामागील क्षीण बल, विद्युत्चुंबकीय बल आणि गुरुत्वाकर्षण. यांपैकी एकाचे नावच 'क्षीण' असले, तरी खरोखर सर्वांत दुबळे आहे ते गुरुत्वाकर्षण. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये जे विद्युत आकर्षण असते, ते त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या एकावर एकोणचाळीस शून्ये इतक्या पटींहूनही अधिक असते. हे खरे वाटत नसेल तर एक टाचणी आणि लहानसा लोहचुंबक घ्यावा. टाचणीला खालून सबंध पृथ्वी ओढीत असते. वरून बोटाएवढा चुंबक तिला सहज उचलून घेतो.

मग हे दुबळे बल विश्वाचा कारभार कसे चालविते? कारण असे की विद्युतभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे असतात आणि मोठ्या वस्तूत ते एकमेकांना रद्द करतात. गुरुत्वाला असा प्रतिपक्ष नाही. कणाकणाची ओढ बेरजेतच जमा होत जाते, वजाबाकी कधी होत नाही. शिवाय तीव्र आणि क्षीण बलांची धाव अणुकेंद्रापुरती असते, गुरुत्वाची धाव मात्र कोठेच संपत नाही. थेंबे थेंबे तळे साचावे, तशी ही ओढ साचत साचत पृथ्वीएवढी, सूर्याएवढी, आकाशगंगेएवढी होते.

न्यूटनने ही ओढ किती आहे ते सांगितले. ती का आहे, हे सांगण्याचे त्याने टाळले. त्याचे उत्तर १९१५ साली आइन्स्टाइनने दिले आणि ते देताना त्याने वर सांगितलेल्या कोड्यालाच हात घातला. सर्व वस्तू सारख्याच रीतीने पडत असतील, तर पडणे हा वस्तूंचा गुण नसून त्या ज्या अवकाशकाळात वावरतात त्याचा गुण असला पाहिजे, असे त्याने म्हटले. पदार्थ आपल्या भोवतीच्या अवकाशकाळाला वक्रता आणतो आणि इतर वस्तू त्या वक्रतेतील सरळात सरळ वाटेने जातात. बाकीची बले जणू रंगमंचावरील नट आहेत. गुरुत्वाकर्षण हा स्वतः रंगमंचच आहे. म्हणून मूलभूत भौतिकशास्त्रात त्याचे स्थान निराळे.

ही कल्पना केवळ पंडितांच्या उपयोगाची आहे असे मात्र नव्हे. आज रिक्षावाला मोबाइलच्या नकाशावरून पत्ता शोधतो, तेव्हा तो उपग्रहांवरील घड्याळांवर विसंबून असतो. तेथे गुरुत्व कमी असल्यामुळे ती घड्याळे पुढे धावतात आणि वेगामुळे थोडी मागे पडतात. जमाखर्च करता जीपीएसच्या उपग्रहावरील घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. एवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक जातो. ही दुरुस्ती केली नाही, तर सुभानपुऱ्यास निघालेल्या माणसाला नकाशा एका दिवसात भलत्याच गावी नेऊन पोहोचवील.

श्रोतेहो, आइन्स्टाइनच्या या सिद्धांताच्या इतिहासात मराठी आणि गुजराती यांच्या मेळाचे एक सुंदर प्रकरण आहे आणि बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते विशेष जवळचे वाटावे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजमधील अध्ययन संपवून १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी तेथे सापेक्षतेच्या संशोधनाची परंपरा सुरू केली. जुनागढजवळच्या शाहपूरचे प्रह्लाद चुनिलाल वैद्य १९४२ साली त्यांच्याकडे शिकावयास गेले. एकाकी ताऱ्याच्या बाहेरचे गुरुत्वक्षेत्र कसे असते, याचे उत्तर श्वार्त्सशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ सालीच काढले होते. पण त्यात ताऱ्याबाहेर निव्वळ पोकळी आहे असे धरले होते. खरा तारा तर प्रकाशतो. आपला सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान खर्च करतो आणि त्या प्रकाशाने भोवतालचे अवकाश भरलेले असते. अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल, याचे गणिती उत्तर वैद्यांनी शोधले आणि १९४३ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. जगभरचे संशोधक आजही ते वैद्यांच्या नावानेच ओळखतात. पुढे वैद्य गुजरातेत अध्यापन करीत राहिले आणि गणिताची गोडी लागावी म्हणून गुजरातीत आस्थेने लिहीत राहिले. काशीच्या वर्गात एक मराठी गुरू आणि एक गुजराती शिष्य एकाच समीकरणाशी झुंजत आहेत, हे चित्र आपल्या शहराला शोभणारे आहे.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर हे नाव तर घरोघरी पोचलेले आहे. १९६४ साली त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्याचे मूळ मनात येणाऱ्या एका साध्या प्रश्नात आहे. धावती गाडी एकदम थांबली की आपण पुढे झुकतो, ते जडत्वामुळे. पण हे जडत्व येते कोठून? उंच छताला टांगलेल्या लंबकाच्या झोक्याची दिशा, खाली पृथ्वी फिरत असली तरी, दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भाने टिकून राहू पाहते. बंद दालनातील लंबकाला त्या ताऱ्यांची वर्दी कोण देते? ऑस्ट्रियन विचारवंत अर्न्स्ट माख याने सुचविले होते की, वस्तूचे जडत्व हे विश्वातील इतर सर्व पदार्थांच्या अस्तित्वामुळेच आहे. हॉइल आणि नारळीकर यांनी या सूचनेला गणिताचे रूप दिले. त्यांच्या मते रिकाम्या विश्वात एकट्या कणाला वस्तुमानच असणार नाही.

हॉइल आणि नारळीकर यांचा कल अनादि विश्वाकडे होता. विश्व एका आदिकणातून उत्पन्न झाले, हा विचार १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. परंतु या विचाराचा उपयोग धर्मश्रद्धेच्या पुराव्यासाठी करू नये, असेच त्यांचे मत होते. दोन्ही पक्षांनी निवाडा निरीक्षणावर सोपविला. १९६५ साली सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत लमेत्र यांच्या बाजूला झुकले. नारळीकर मात्र पर्यायी मार्गाचा विचार अखेरपर्यंत करीत राहिले. १९७२ साली ते स्वदेशी परतले, १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. बहुमत विरुद्ध असताना आपला पक्ष आकड्यांनिशी मांडीत राहावे आणि निकाल निसर्गाकडून ऐकावा, हा धडा त्यांच्या सिद्धांताइतकाच मोलाचा आहे.

निसर्गाकडून निकाल ऐकण्याचे एक नवे साधन आता महाराष्ट्रातच उभारावयाचे ठरले आहे. वक्र होऊ शकणाऱ्या अवकाशकाळात लाटाही उठतील, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघत होते. त्या लाटा प्रत्यक्ष सापडावयास शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या दोन केंद्रांनी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लाट टिपली. त्या क्षणार्धात सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाची ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडली होती. आणि तरीही चार किलोमीटर लांबीच्या नळीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान होता. गुरुत्व किती क्षीण आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? असा संकेत गोंगाटातून निवडून काढण्याच्या गणिती पद्धती विकसित करण्यात आयुकातील संजीव धुरंधर यांचा वाटा मोठा आहे.

ही लाट एका केंद्रावर दुसऱ्यापेक्षा सुमारे सात सहस्रांश सेकंद आधी पोचली. एवढ्याशा फरकावरून ती कोणत्या दिशेने आली याचा तर्क बांधावा लागतो, म्हणून पृथ्वीच्या दूरदूरच्या भागांत अशी केंद्रे हवीत. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसराची निवड या कामासाठी झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. त्यात पुण्याच्या आयुकाबरोबर इंदूरची आणि आपल्या गांधीनगरची संशोधनसंस्थाही सहभागी आहे. काशीत जुळलेला मराठी-गुजराती धागा अशा रीतीने पुढे चालू आहे.

इतके सारे होऊनही मुख्य प्रश्न सुटलेला नाही. बाकीची तीन बले पुंजसिद्धांताच्या चौकटीत बसली. गुरुत्वाकर्षण तेवढे बाहेर राहिले. कृष्णविवराच्या अंतर्भागी आणि विश्वाच्या आरंभी आइन्स्टाइनची समीकरणे अनंत उत्तरे देऊ लागतात, याचा अर्थ तेथे ती अपुरी पडतात. दोन्ही सिद्धांत आपापल्या क्षेत्रात अचूक ठरलेले आहेत, पण जेथे दोहोंची गरज पडते तेथे त्यांचे पटत नाही. फार काय, कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रयोगापासून मोजला जात असलेला गुरुत्व-स्थिरांकही आज इतर मूलभूत स्थिरांकांच्या मानाने कमी अचूकपणे ठाऊक आहे. दुबळ्या बलाचे माप घेणेही अवघडच.

म्हणून आईबापांना आणि माझ्या शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. वस्तू खाली का पडते, असे मुलाने विचारले म्हणजे 'पृथ्वी ओढते म्हणून' एवढे सांगून विषय संपवू नये. ९.८ हा आकडा पाठ अवश्य करून घ्यावा, पण तो प्रकरणाचा शेवट आहे असे भासवू नये. न्यूटनला पडलेला 'का' आइन्स्टाइनने एक पाऊल पुढे नेला, वैद्यांनी आणि नारळीकर पितापुत्रांनी आपापल्या परीने त्यात भर घातली, आणि अद्याप तो 'का' शिल्लकच आहे. तो ज्यांच्या हाती पुढे जावयाचा आहे, ती मुले आज आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. त्यांचा प्रश्न जिवंत ठेवणे एवढे आपल्या हाती आहे, आणि ते काम लहान नाही.