गुंठा घेतला, पण कागद?

चाकणला कंपनीत लागलो तेव्हा शिफ्ट सुटली की टपरीवर एकच विषय, गुंठा. म्हणजे १०८९ चौरस फूट. बोनस, भिशी, सगळं घालून मीही घेतला. कागद काय, तर नोटरी! सातबाऱ्यावर नाव लागेना, बँक कर्ज देईना. तलाठी म्हणाले, "तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, दादा." आणि नोटरीने मालकी मिळतच नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

आता मोशीत फ्लॅट बघतोय. आधी महारेरा नंबर तपासतो. करारनामा रजिस्टर होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर एक रुपया नाही, कायदाच आहे तसा. सेल्सवाला म्हणतो, "सर, ऑफर रविवारपर्यंतच." म्हटलं, जाऊ दे रविवार. गुंठ्याचं काय झालं, हे बायको अजून विचारते.