गाणं की इंग्रजी?

 

गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "पोरगी छान गाते, गाण्याच्या परीक्षेला बसवावं म्हणते. पण घरचे म्हणतात, त्यापेक्षा इंग्रजीची शिकवणी लाव. पैसे एकापुरतेच आहेत. काय करू?" हा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणींचा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपण भुलाबाईची गाणी म्हणतो, खंजेरीवर भजन म्हणतो. त्याला कोणी गुण देत नाही आणि द्यायची गरजही नाही. शास्त्रीय गाण्याचं मात्र वेगळं आहे. पूर्वी ते शिकायचं तर गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षं सेवा करावी लागे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शाळेसारखे वर्ग सुरू केले. 1931 साली ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. गाणं, वादन आणि नृत्य यांच्या परीक्षा हे मंडळ आजही घेतं.

या परीक्षा म्हणजे जिना आहे. पहिली पायरी प्रारंभिक. मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि वर अलंकार. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. परीक्षकासमोर बसून सोप्या बंदिशी म्हणायच्या, हातावर ताल धरून मात्रा मोजून दाखवायच्या. इथं वर्गात पहिला नंबर कोणाचा हा प्रश्नच नाही. आपल्या पायरीपुरतं आपल्याला आलं पाहिजे, एवढंच.

आता इंग्रजी. लंडनला ट्रिनिटी कॉलेज नावाची संस्था आहे. तीही मुळात संगीताचीच. 1877 पासून ती परीक्षा घेते. तिची इंग्रजी बोलण्याचीही परीक्षा आहे, आणि तिला 12 पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर परीक्षक नाव विचारतो, रंग विचारतो, समोरची वस्तू दाखवायला सांगतो. पाच-सहा मिनिटांत संपतं. चौथ्या पायरीपासून उमेदवारानं आपल्या आवडीचा विषय तयार करून आणायचा आणि त्यावर गप्पा मारायच्या.

ही परीक्षा आपल्या खिशाला परवडेलच असं नाही. पण तिची रीत फुकट आहे. आपली पोरं इंग्रजीचे धडे उतरवून काढतात, पण तोंड उघडत नाहीत. चुकलं तर हसतील, ही भीती. रोज चुलीपाशी पाच मिनिटं पोरीला विचारा, हे काय, कोणता रंग, किती आहेत? तिनं इंग्रजीत सांगायचं. पुढं आपल्या शेळीवर, आपल्या पऱ्हाटीवर चार वाक्यं बोलायची. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर पोरगी तुमची मास्तरीण होईल. दुसऱ्याला शिकवताना आपलं पक्कं होतं.

म्हणून त्या ताईला मी म्हटलं, पोरीचा जीव गाण्यात आहे, तर पैसे गाण्याला लाव. सूर चुकला की कान धरून दुरुस्त करणारा गुरू घरी मिळत नाही. इंग्रजीची पहिली पायरी मात्र घरी चढता येते. आणि अनोळखी परीक्षकासमोर जी पोरगी गाते, ती उद्या इंग्रजीत चार शब्द बोलायलाही दबणार नाही.

क्लास लावण्याआधी तीन गोष्टी विचारा. परीक्षा कोणत्या मंडळाची? केंद्र कुठं? परीक्षेची फी किती, आणि पावती मिळेल का? नुसतं प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुणांची सोय आहे. नियम बदलत असतात, म्हणून नववीतच शाळेत चौकशी करा.

आणि हो, या जिन्यावर चढायला वयाची आडकाठी नाही. पोरीबरोबर आईनंही प्रारंभिकला बसायला काय हरकत आहे?