घरच्या सेवेचा हक्क

सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची मालिश स्वतः करायचे. ती सेवा इतिहासात नोंदली गेली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत लकवा झालेल्या सासऱ्यांना रात्रीबेरात्री कुशीवर वळवणारी सून मात्र 'घरीच तर असते' म्हणून कुठल्याच हिशेबात येत नाही. सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालयं जवळ आहेत, हे खरं. पण सुट्टी झाल्यावरचा दवाखाना तीच चालवते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, 15 ते 59 वयाच्या, घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायकांचे दिवसाला 140 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 74. स्वयंपाक, धुणीभांडी वेगळीच.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मात्र काळजीवाहकांत मोबदला न घेणाऱ्या आईवडिलांना, नातेवाइकांनाही धरतो. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. अर्थात सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. आणि ती मर्यादा नेमकी इथंच आठवते!

मग करायचं काय? आधी घरातल्या दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढून घ्या. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. येत्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, आणि त्यातून काळजी घेणाऱ्याला काय मिळणार, हेही विचारा.